सकाळी सहा, चॅनल सात

गुरुवार, ११ ऑगस्ट

टॉवर मेला. इंटरनेट गेलं, फोन गेला. कॉलिन गाडी घेऊन टेकडीवर जाऊन आला. म्हणतो, काकाकुव्यांनी वायर खाल्ली. नुसती वायर नाही, खालच्या डब्याचं रबर सोलून आतलंसुद्धा फस्त केलंय. "शंभरेक होते. मी गेलो तरी उडाले नाहीत," म्हणाला. वर दात काढून हसत होता.

हसायला काय जातंय नवरोबाचं. त्याला मेंढ्यांची पुस्तकं लिहायची नाहीत, नुसत्या मेंढ्या सांभाळायच्या आहेत.

शुक्रवार, १२ ऑगस्ट

एकशे दहा किलोमीटर गाडी हाणून बिलारीला गेले, डॉटच्या दुकानातून कंपनीला फोन केला. पाऊण तास गाणं ऐकवलं, मग एक पोरगी आली. माणूस लाँगरीचहून यावा लागेल, सहा ते आठ आठवडे. मी म्हटलं, अगं, तीस सप्टेंबरला आम्हाला पुस्तक द्यायचंय. ती म्हणाली, तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. समजू शकत असतीस तर माणूस पाठवला असतास.

डॉटच्या दुकानात इंटरनेट येतं, पण मुंगीच्या पावलांनी. टॅम्सिनचं पत्र उघडेपर्यंत चहा पिऊन झाला. टॅम्सिन म्हणजे आमची सिडनीची संपादिका, वय अठ्ठावीस, स्वभाव गोड, बोलणं सुरीसारखं. या वेळी मुदत वाढणार नाही. दोनदा वाढवून दिली. तीस तारखेला पुस्तक हातात आलं नाही तर सातवा भाग "इथल्याच एका अनुभवी लेखिकेकडे" सोपवणार. करारात तसं आहे म्हणे — पुस्तकातलं गाव त्यांचं, माणसं त्यांची.

आमचं गाव! मी आणि मर्लनं बावीस वर्षांत एकेक घर उभं केलंय त्या गावात. आमच्या नायिकेच्या, ॲडाच्या स्वयंपाकघरातली कुठली फळी करकरते ते मला झोपेत विचारा. आणि ते उचलून एका सिडनीच्या बाईला द्यायचं, जिनं मेंढी पाहिली असेल ती ताटात.

नाही देणार. जीव गेला तरी नाही.

शनिवार, १३ ऑगस्ट

अडचण अशी. बावीस प्रकरणं टॅम्सिनकडे पोचली आहेत. राहिली अठरा. विषम माझी, सम मर्लची, ही आमची पहिल्या पुस्तकापासूनची पद्धत. मी एक लिहायचं, पाठवायचं, ते वाचून तिनं पुढचं लिहायचं. कुणी कुणाला आधी काही सांगायचं नाही. मी ॲडाला विहिरीत टाकलं तर बाहेर काढणं मर्लचं काम. म्हणून तर पुस्तकं चालतात आमची, पुढे काय होणार ते लिहिणारीलाच ठाऊक नसतं.

पण त्याला एकमेकींचं वाचायला मिळायला हवं. मर्ल त्रेचाळीस किलोमीटरवर. रोज जाऊन-येऊन लिहायचं कधी? तिला म्हटलं तू ये, तर म्हणते पाठ धरलीय, गाडी चालवत नाही.

दुपारी वायरलेसवर बोललो, चॅनल सातवर. वॉलेस मंडळी रान विकून गेली, त्यांचा रिपीटर, आवाज पकडून लांब फेकणारा तो डबा, टकल्या टेकडीवर तसाच राहिलाय, उन्हावर चालतोय. कुणी वापरत नाही. मर्ल म्हणाली, "मग वाचून दाखवू एकमेकींना. माझी आई नाही का, सकाळी वायरलेसवर बसायची."

बसायची खरी. माझीही बसायची. शंभर मैलांतल्या सगळ्या बायका, सकाळी तासभर. पुरुष त्याला काकाकुव्यांची सभा म्हणायचे.

ठरलं. सकाळी सहा. सोम-बुध-शुक्र मी, मंगळ-गुरू-शनि ती. दोन सकाळी मिळून एक प्रकरण, माझं अर्धं ऐकून तिनं तिचं अर्धं रचायचं. चोवीस सप्टेंबरला संपतं. मग तिची पानं आणि माझी पानं एकत्र करून डॉटच्या दुकानातून पाठवायची. सहा दिवस हातात राहतात.

सोमवार, १५ ऑगस्ट

वाचलं. बोटानं बटण दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या हातानं पानं उलटायची. दोनदा पानं खाली पडली. मर्ल म्हणाली, "ॲडा विहिरीपाशी गेली आणि मग नुसता खडखडाट. मेली की काय?"

मंगळवार, १६ ऑगस्ट

मर्लचं चोविसावं, पहिला अर्धा भाग. माझ्यासारखं अडखळणं नाही, पान उलटल्याचा आवाज नाही. समोर बसून सांगितल्यासारखं. विहीर खणायला आलेला मॉरिस ॲडाला आपल्या मेलेल्या भावाबद्दल सांगतो, तिथे माझा चहा गार झाला. हेवा वाटला. लिहून टाकते, इथे कोण बघतंय.

सोमवार, २२ ऑगस्ट

माझ्या लॅपटॉपनं मध्येच "अपडेट होत आहे, बंद करू नका" असं लिहून डोळे मिटले. इंटरनेट नसताना हा कशावर अपडेट होतोय? दोन तास तसाच. बंद केला तर बिघडेल, नाही केला तर जनरेटरचं डिझेल जाईल. कॉलिननं येऊन पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "याला गोळी घालून मोकळं करावं."

सत्ताविसावं प्रकरण वहीत लिहिलं. हात दुखला, पण प्रकरण चांगलं झालं. फारच चांगलं झालं.

शुक्रवार, २६ ऑगस्ट

सकाळी वाचून झाल्यावर पीठ-साखर आणायला बिलारीला गेले. दुकानात क्लॅरी होता, रस्ते सपाट करायचं ते पिवळं ग्रेडर चालवतो तो. एरवी माणूस वर्षाला चार वाक्यं बोलतो. माझ्यासमोर आला, टोपी काढली आणि म्हणाला, "बाई, ॲडा रान विकणार नाही ना?"

मला वाटलं कुणा खऱ्या ॲडाबद्दल विचारतोय. मग पायाखालची जमीन सरकली.

रिपीटर वापरत नाही कुणी — बरोबर. पण प्रत्येकाच्या गाडीतला वायरलेस सगळी चॅनलं फिरवत असतो, जिथे आवाज येईल तिथे थांबतो. पस्तीस वर्षं मी वायरलेसवर बोलतेय. हे मला ठाऊक नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? टेकडीवरनं दीडशे किलोमीटर ऐकू जातं. अख्ख्या मुलखासमोर मी दोन आठवडे कच्चं लिखाण वाचतेय. परवा मॉरिस अंघोळ करतो ते वाचलं. सविस्तर.

डॉट गल्ल्यामागून म्हणाली, "छान होती अंघोळ." पीठ तिथेच राहिलं.

शनिवार, २७ ऑगस्ट

मर्लला सांगायला हवं होतं की सगळे ऐकतायत. पण सांगणार कशावर? त्याच चॅनलवर. सांगितलं. मर्ल हसायलाच लागली. "मग त्यांना नमस्कार सांग," म्हणाली. आणि लगेच सुरू — "प्रकरण अठ्ठावीस, भाग दुसरा."

झाल्यावर मी म्हटलं, हे बंद. मी आठवड्यातून दोनदा तुझ्याकडे येते, समोरासमोर वाचू. तर नाहीच म्हणाली. घर रंगवायला काढलंय, बसायला जागा नाही. मर्लच्या घराला रंग तिच्या लग्नात लागला होता. मला टाळतेय. काय केलंय मी हिचं? तेविसावं प्रकरण आवडलं नसेल. बोलली तर कळेल ना.

बुधवार, ३१ ऑगस्ट

मी वाचत होते. मॉरिसचा घोडा डाव्या पायानं लंगडतोय, तरी तो त्याच्यावर बसून रात्रभर जातो. बटण सोडलं मात्र, बेव्हन पर्टल मध्ये घुसला. पलीकडच्या रानाचा मालक, मोठा शहाणा. "टेनंटबाई, लंगड्या घोड्यावर बसून चाळीस मैल? हा मॉरिस माणूस आहे की कसाई?"

मी म्हटलं, "बेव्हन, तू ऐक किंवा बंद कर. बोलायचं नाही."

"मी ऐकतोच आहे. घोड्याला काय सांगू?"

मर्लचा खोकल्याचा आवाज आला. ती खोकत नव्हती.

घोडा बदलला. बेव्हनला सांगणार नाही.

सोमवार, ५ सप्टेंबर

डॉट टपाल घेऊन आली होती. दर गुरुवारी मर्लकडे जाते, सोमवारी आमच्याकडे. म्हणाली, सकाळी सहा ते साडेसहा कुणी इंजिन चालू करत नाही. क्लॅरी ग्रेडर रस्त्यात उभं करून बसतो. बेव्हनच्या रानावर लोकर कातरायला आलेली माणसं चहा घेऊन वायरलेसभोवती बसतात. तो बेव्हन त्यांना "गप" म्हणतो.

लोकर कातरणारे! ज्यांना मी एक वाक्य सलग बोलताना ऐकलं नाही ते!

मी चेहरा सरळ ठेवला. डॉट गेल्यावर आरशासमोर गेले आणि हसले. सहा पुस्तकं झाली. सिडनीच्या समारंभात मला कुणी तरी विचारलं होतं, "तिकडे वाचतं का हो कोणी?" ये म्हणावं. ये आणि बघ. एक माणूस गाडी चालू करत नाही माझं वाचून होईपर्यंत.

आता वाचायच्या आधी केस विंचरते. कॉलिननं पाहिलं.

शनिवार, १० सप्टेंबर

मर्लचं चौतिसावं. ॲडाची आई मरते. एक शब्द मोठ्यानं बोलली नाही मर्ल. संपल्यावर क्लॅरी, "धन्यवाद, बाई." बस्स, एवढंच.

मी माझं पस्तिसावं फाडलं आणि परत लिहिलं. तिच्या शेजारी उभं राहायचं तर तेवढं हवं.

शनिवार, २४ सप्टेंबर

सकाळी मर्लनं शेवटचं वाचलं. ॲडा रान विकत नाही. मॉरिसला पाणी लागतं, खारं लागतं, तरी ती विकत नाही. बेव्हननं भोंगा वाजवला. क्लॅरीनं वाजवला. कोण कोण होतं कुणास ठाऊक, दोन मिनिटं नुसते भोंगे. मी दारात उभी राहून रडले आणि कॉलिनला सांगितलं की कांदा चिरतेय. हातात कांदा नव्हता.

मग मर्लची पानं आणायला निघाले. तिला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर पुन्हा रंग काढला असता.

घराला रंगबिंग काही नाही. मर्ल दारात आली, माझ्याकडे पाहिलं, पण माझ्याकडे नाही — माझ्या खांद्याच्या बाजूला. "कोण? डॉट?"

मी म्हटलं, "मर्ल, मी आहे."

तिनं दाराची चौकट धरली. "यायला नको होतंस," म्हणाली. मग म्हणाली, "ये आत. आलीच आहेस."

डोळे गेलेत. गेल्या डिसेंबरपासून. मधोमध काळा डाग आहे, कडेनं थोडं दिसतं. "तुझा कान दिसतोय," म्हणाली. "तोंड नाही. बरंच आहे, रागावली असशील." टपाल डॉट वाचून दाखवते, तिला शपथ घातलीय. लिहायचं म्हणजे, मार्चपासून लॅपटॉपला तोंडी सांगते, तो टाइप करतो. पुतणीनं ब्रिस्बेनहून येऊन लावून दिला. रोज सकाळी वायरलेसवर सांगायची ते तिथेच, तेव्हाच, डोक्यातून. लॅपटॉप शेजारी उघडा ठेवून, म्हणजे एकाच वेळी दोन्ही कामं. "सगळं त्याच्यात आहे. घे काढून."

मी उघडला. बाविसाव्या प्रकरणापर्यंत होतं. पुढे पांढरं. वर एक ओळ — इंटरनेट उपलब्ध नाही.

ते यंत्र इंटरनेटशिवाय ऐकतच नव्हतं. अठरा सकाळी ती त्याला सांगत राहिली. पडद्यावर काही येत नाहीये हे तिला दिसणार कसं?

मी सांगितलं तिला. कसं सांगितलं ते आठवत नाही. मग म्हणाली, "चौतिसावंसुद्धा?"

"चौतिसावंसुद्धा."

"मग संपलं, हिल्डा. एकदा सांगून झालं की माझ्यातून जातं. परत सांगेन ते दुसरं होईल. वाईट होईल." आणि मग, "दे त्या सिडनीच्या बाईला. मी चूक केली. तुझी प्रकरणं तेवढी तिला वापरू दे."

मग मी भडकले. नको ते बोलले. बावीस वर्षं, मर्ल! मला का नाही सांगितलंस? मी कोण, डॉटपेक्षा लांबची? ती तितक्याच आवाजात म्हणाली, "कारण तू दया दाखवली असतीस. सगळं स्वतः लिहिलं असतंस आणि वर माझं नाव लावलं असतंस. मला ते नको होतं. मला माझी सम प्रकरणं हवी होती."

खरं आहे. मी तसंच केलं असतं, आणि वर स्वतःला फार मोठ्या मनाची समजले असते.

लोक म्हणतात हिल्डाच्या नजरेतून काही सुटत नाही. इतके महिने हिला दिसत नाही आणि मला वाटतंय तेविसावं प्रकरण आवडलं नाही.

तिला गाडीत घालून घरी आणलं. आली, तोंड फुगवून.

रविवार, २५ सप्टेंबर

सकाळी सहाला, आपला वार नसताना, वायरलेसपाशी गेले. मर्ल म्हणाली, "नको. लाज आहे की नाही?" मी म्हटलं, नाही.

बटण दाबलं. म्हटलं, मी हिल्डा टेनंट. मर्लची नऊ प्रकरणं गेली. यंत्रानं लिहिलीच नाहीत. तिला दिसत नाही. पाच दिवस आहेत. ज्यांनी ऐकलंय त्यांना जे आठवेल ते सांगा. तुटकं सांगा, चुकीचं सांगा, एक वाक्य आठवत असेल तर एक वाक्य सांगा.

आयुष्यात असं काही मागितलं नव्हतं कुणाकडे.

मी बटणाकडे बघत बसले. मग क्लॅरी, घसा खाकरून, "सव्विसावं मला जरा आठवतंय, बाई. लिहून घ्या."

जरा! शब्दन् शब्द! कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं. मर्ल खुर्चीत ताठ झाली. "हेच," म्हणाली. "हेच म्हटलं होतं मी." मी लिहीत राहिले. ग्रेडरच्या केबिनमध्ये वारा फार असावा, सारखी कागदासारखी फडफड ऐकू येत होती.

सोमवार, २६ सप्टेंबर

बेव्हननं अठ्ठाविसावं सांगितलं. मध्ये स्वतःचं एक वाक्य घुसडलं घोड्याबद्दल. मर्ल म्हणाली, "हे माझं नाही." बेव्हन म्हणाला, "पण बरं आहे ना?" ठेवलं. बरं होतं.

चोविसावं मात्र कुणालाच आठवत नाही. एकालाही नाही. सुरुवातीला कुणी ऐकत नसेल. ते मर्लनं मला पुन्हा सांगितलं, स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता. पहिल्याहून सरस झालं. तिला तसं म्हटलं तर म्हणाली, "तू पहिलं ऐकताना चहा पीत होतीस."

बुधवार, २८ सप्टेंबर

चौतिसावं, ॲडाच्या आईचं मरण, डॉटनं सांगितलं. दुकान बंद करून बसली होती. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आवाज न कापता. कुठल्या कोपऱ्यात साठवून ठेवतात ही माणसं एवढं? माझे पाढे कच्चे, आणि क्लॅरी, जो स्वतःचा फोन नंबर विसरतो, तो मर्लचे परिच्छेद पाठ म्हणतो.

आमची माणसं ही. कुणाला वाटत असेल इथे धूळ आणि माश्या आहेत. माझी छाती भरून आली, आणि तसं मर्लला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "टाइप कर. तीन प्रकरणं राहिलीत."

लॅपटॉप दोनदा झोपला. दोनदा उठवला. 'न'चं बटण निघालं, कॉलिननं गोंदानं चिकटवलं. आता ते दाबलं की उठत नाही. नख लावून वर काढते.

शुक्रवार, ३० सप्टेंबर

गेलं. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, डॉटच्या दुकानातून. तीन टक्क्यांवर अर्धा तास अडलं. डॉटनं दुकानातल्या सगळ्यांना फोन बंद करायला लावले. क्लॅरीनं तर टॉर्चसुद्धा बंद केली, काय संबंध देव जाणे. शंभर टक्के झाले तेव्हा मर्लनं विचारलं, "काय दिसतंय?" मी म्हटलं, "गेलं म्हणतोय." तिनं पदरच्या चार शिव्या दिल्या आणि मला मिठी मारली.

चाळीस प्रकरणं. एक शब्द कमी नाही.

सोमवार, १७ ऑक्टोबर

टॅम्सिनचं उत्तर, डॉटनं कागदावर छापून टपालात आणलं. आजवरचं सगळ्यात चांगलं पुस्तक, म्हणते. चौतिसावं वाचून कार्यालयात बसून रडली. मालिका आमचीच. आठव्याचा करार पाठवतेय, त्यात गाव आणि माणसं आमच्या नावावर, असं तिनं वरच्यांकडून लिहून घेतलंय.

मर्लला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा म्हणाली, "पुरे, पाठ झालं."

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

लाँगरीचचा माणूस आला. वीस मिनिटांत टॉवर चालू केला. वीस मिनिटांत!

मर्ल मात्र म्हणते आठवं पुस्तकही सकाळी सहालाच. लॅपटॉपला सांगेल, पण माणसांनाही सांगेल. मी हो म्हटलं. कॉलिनला विचारलं, तुला त्रास नाही ना सकाळी सकाळी? तो म्हणाला, "मी बाहेरच असतो तेव्हा."

गुरुवार, २७ ऑक्टोबर

डॉट टपालावर गेली होती, म्हणून तिच्या कोठारातून पीठ मीच काढायला गेले. दाराच्या मागच्या बाजूला खिळ्यावर एक कागद. डॉटचं अक्षर, तारीख २० ऑगस्ट.

"मर्लच्या यंत्रावर काही उमटत नाही. गुरुवारी पाहिलं. तिला सांगू नका, खचेल. मंगळ-गुरू-शनि आपण उतरवून घेऊ. हिल्डालाही नको. तिला वाटू दे, आपण नुसतं ऐकतोय."

खाली तारखा आणि नऊ नावं, आळीपाळीनं. क्लॅरी. बेव्हन. कातरणाऱ्यांपैकी तिघं. चार सकाळींपुढे कॉलिन, त्याच्याच कोंबडीच्या पायांच्या अक्षरात.

कागद होता तसाच राहू दिला. पीठ घेतलं, घरी आले, कॉलिनला जेवायला वाढलं. टॅम्सिनला कळवलं: मुखपृष्ठावर नावं दोन नकोत, अकरा हवीत. माझं शेवटी.